हाक देणारा

माझ्या प्रयोगशाळेत खोटं कोणी बोलत नाही. लोक येतात, खुर्चीत बसतात, कधीही न केलेल्या गोष्टी केल्या म्हणून छातीठोकपणे सांगतात आणि समाधानाने घरी जातात. मी त्यांना दारापर्यंत सोडते, आभार मानते आणि आत येऊन त्यांच्या नावापुढे एक फुली मारते. हा माझा धंदा आहे. घरच्यांना तो कधी धड समजला नाही, आणि समजावून सांगण्याइतका धीर माझ्यात नाही.

प्रयोग साधा आहे. टेबलावर कुलूप, बाटली, कात्री, नळाची तोटी असल्या वस्तू मांडलेल्या असतात. काही कृती माणसाने स्वतःच्या हाताने करायच्या. काही नुसत्या पडद्यावर बघायच्या. पडद्यावर माणूस दिसत नाही, फक्त दोन हात दिसतात, आणि बघताबघता वाक्य मोठ्याने म्हणायचं: कुलूप लावलं, बाटली हलवली, तोटी बंद केली. दोन आठवड्यांनी परत बोलावून विचारायचं, यातलं तुम्ही हाताने काय काय केलंत? हाताने केलेलं लोकांच्या पक्कं लक्षात राहतं. हे मी तरुणपणी दाखवलं तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. त्यानंतर मी जे दाखवलं त्यावर कोणी खूश झालं नाही. नुसतं बघितलेलं, आणि बघताना तोंडाने म्हटलेलं, तेही बऱ्याच जणांना पुढे हाताने केल्यासारखं आठवतं. वस्तूचा गारवा आठवतो, वजन आठवतं. विचारलं तर शपथ घ्यायला तयार असतात.

मला यात नवल कधी वाटलं नाही, कारण आमच्या घरात एका थपडेचे दोन मालक आहेत. लहानपणी वडिलांचा दाढीचा आरसा फुटला आणि त्यांनी एक सणसणीत ठेवून दिली. ती दादाला बसली असं दादा म्हणतो, मला बसली असं मी म्हणते. माझ्या डाव्या गालाला ती अजून आठवते. थप्पड एकच होती हे मात्र दोघांनाही मान्य आहे. आई गेल्यावर दादानेच मला वाढवलं. वेण्या त्याला जमल्या नाहीत, म्हणून त्याने माझे केस कापून टाकले. बुटांच्या नाड्या मात्र शिकवल्या, त्याही बोलून बोलून. एक फास, दुसरा फास, आतून काढ, ओढ. मी बांधायची आणि तो वर उभा राहून म्हणायचा. पुढे मी मोठाली पुस्तकं वाचून जे शिकले, त्याची सुरुवात तिथे झाली.

दादा कागदाच्या कारखान्यात आहे. म्हणजे होता. लगदा शिजवायच्या टाक्यांवर तो आणि त्याचा जोडीदार काम करायचे. जोडीदाराला सगळे पैलवान म्हणायचे, कारण तो काडीसारखा होता आणि टाकीच्या तोंडातून मांजरासारखा आत शिरायचा. टाकी ठरावीक दिवसांनी आतून खरवडून काढावी लागते. एक जण आत उतरतो, दुसरा तोंडाशी दोर धरून उभा राहतो. त्याआधी तळघरातल्या बोळात जाऊन वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायचा असतो.

त्या दिवशी पैलवान आत होता आणि वाफ आली. दादाने दोर ओढला, दोर निसटला, मग त्याने दोन्ही हात आत घालून पैलवानाला बखोटीला धरून वर काढलं. तोवर फार उशीर झाला होता. मुकादम पळत तळघरात गेला, तेव्हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता.

मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा दादाचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले होते. त्याने मला बघितलं आणि पहिलं वाक्य हेच म्हणाला.

"बारके, मी बंद केला होता. या हाताने बंद केला होता गं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

कारखान्यात चौकशी बसली. दादाने तिथेही तेच सांगितलं, न अडखळता. चाक गरम होतं, हातमोज्यातूनही लागत होतं, शेवटचा आटा नेहमीसारखा अडकला तेव्हा खांदा लावावा लागला. इतकं बारीकसारीक सांगणारा माणूस खोटं कसं बोलेल? मग व्हॉल्व्ह कोणीतरी नंतर उघडला असणार. आणि तळघरात बॉयलरवाल्याशिवाय कोणी फिरकत नाही.

बॉयलरवाला म्हणजे निवृत्तीला टेकलेला, तोंडातल्या तोंडात बोलणारा म्हातारा. त्याला विचारलं तर म्हणाला, "मला वाटतं, मी तिकडे गेलो नव्हतो." त्या एका 'वाटतं'ने त्याचा घात केला. दादाला आठवत होतं आणि त्याला नुसतं वाटत होतं. त्याला कामावरून दूर केलं, आणि चौकशी संपली की प्रकरण पोलिसांकडे जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्याच्या बायकोला दुकानात लोक टाळायला लागले.

पट्ट्या थोड्या हलक्या झाल्यावर दादा माझ्याकडे आला. वहिनी बरोबर होत्या.

"तुझं एक काम आहे प्रोफेसरबाई," तो म्हणाला. "पुढच्या बैठकीत येऊन सांग. हाताने केलेलं माणूस विसरत नाही, हे तूच शोधून काढलंस ना? त्यांच्या साहेबाला तेवढं समजावून सांग. तो म्हातारा साफ कानावर हात ठेवून बसलाय."

"आधी मला ती जागा बघू दे," मी म्हटलं.

खरं तर मला टाळायचं होतं. भावासाठी साक्ष द्यायची तर निदान बघून तरी द्यावी, एवढाच माझा विचार होता. दादाला मात्र आनंद झाला. आपलं काम बहिणीला दाखवायची संधी त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती.

तळघरातला बोळ इतका अरुंद होता की मला तिरकं होऊन चालावं लागलं. दोन्ही बाजूंना जाडजूड पाइप, त्यांच्यावर गुंडाळलेल्या चिंध्या, खाली ओल. समोरून कोणी आलं तर एकाने अंग चोरून पाइपांना चिकटायचं. मी दमून टेकायला जागा शोधली तर दादा हसला. "इथे बसायचं सोड, धड उभं राहायला जागा नाही. पैलवान म्हणायचा, इथे माझ्यासारखाच माणूस ठेवा, तुझ्यासारखा रेडा नको." पैलवानाचं नाव निघाल्यावर त्याने पट्टीच्या टोकाने चाक दाखवलं. लाल रंगाचं, कडेला रंग उडालेलं.

"आता हाक कशी देतात ते ऐक," तो म्हणाला. "आमच्याकडे मुक्याने काही करायचं नाही. पूर्वी एकेकटे करायचे तेव्हा लोक विसरायचे. म्हणून हा नियम. एकाने करायचं आणि दुसऱ्याने मोठ्याने बोलायचं."

"दुसऱ्याने?"

"मग काय! ज्याला आत उतरायचंय त्याने हाक द्यायची, जीव त्याचा असतो म्हणून. बाहेर राहणाऱ्याने हात चालवायचा. मी उतरणार असलो की पैलवान चाक फिरवणार आणि मी बघून म्हणणार, वाफ बंद. दुसऱ्या खेपेला मी आत जाणार नसलो की उलट."

एका माणसाने हात चालवायचे, दुसऱ्याने ते बघत वाक्य मोठ्याने म्हणायचं. मी खोलीचे पडदे लावून, कॅमेरे मांडून, लोकांना विनवण्या करून जे घडवून आणते, ते हे दोघे वर्षानुवर्षं या बोळात करत होते. आणि तेही चूक होऊ नये म्हणून.

"दादा, त्याच्या आधीच्या खेपेला टाकीत कोण उतरलं होतं?"

"मी."

"मग चाक कोणी फिरवलं?"

"पैलवानाने. मी हाक दिली."

"त्या वेळचं काय आठवतं तुला?"

तो सांगायला लागला. चाक गरम होतं. हातमोज्यातूनही लागत होतं. शेवटच्या आट्याला खांदा... तिथे तो थांबला.

"कोणाचा खांदा?" मी विचारलं.

"सगळे दिवस सारखेच असतात गं," तो चिडून म्हणाला. "तुला काय कळतंय त्यातलं."

मी तिथेच सांगून टाकलं. मला गोड बोलायचं वरदान नाही. म्हटलं, मी साक्षीला आले तर मला हे सांगावं लागेल की तुझ्या आठवणीवरून व्हॉल्व्ह बंद झाला असं ठरत नाही. तू खोटं बोलत नाहीस. पण ते हात पैलवानाचेही असू शकतात, दुसऱ्या एखाद्या दिवसाचे.

दादा तिरका होऊन माझ्या अंगावरून पुढे निघून गेला. त्याच संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"हे काय भरवून दिलंस त्यांना? घास उतरत नाहीये घशाखाली. सख्खी बहीण तू, आणि त्या म्हाताऱ्याची बाजू घेतेस?"

"वहिनी, मी कोणाचीच बाजू घेत नाही."

"तेच म्हणते मी. घ्यायला हवी होती."

मी फोन ठेवला आणि खूप रडले. वहिनींचं म्हणणं चूक आहे असं मला त्या वेळी सिद्ध करता आलं नसतं, आणि आजही येणार नाही.

आठवड्याभराने दादा स्वतःहून प्रयोगशाळेत आला. हातांच्या पट्ट्या काढल्या होत्या. बोटांपासून मनगटांपर्यंत नवी गुलाबी कातडी, जागोजागी ताणलेली, चकाकणारी. बोटं पुरती वाकत नव्हती.

"घे तुझी परीक्षा," तो म्हणाला. "मला नापास करून दाखव."

तो हट्टाला पेटला की असाच दिसतो. मी त्याला नेहमीच्या खुर्चीत बसवलं. त्याला झेपतील त्या कृती त्याने स्वतः केल्या: बटण दाबलं, कागद सरकवला, चेंडू ढकलला. बाकीच्या त्याने पडद्यावर बघितल्या आणि खणखणीत आवाजात म्हटल्या. तोटी बंद केली. कुलूप लावलं. झाकण फिरवलं. कारखान्याची सवय, आवाज बाहेरच्या जिन्यापर्यंत जात होता. कॅमेरा चालू होता. हे सगळं त्याला आधी सांगितलं होतं.

दोन आठवड्यांनी तो परत आला आणि सांगायला लागला. तोटी बंद केली, हो, मीच. गार होती. झाकण फिरवलं, तेही मीच, आटा घासत होता जरा. कुलूप? तेही केलं. बोट दुखलं होतं ना तेव्हा.

मी त्याला चित्रफीत दाखवली. पडद्यावर दादा खुर्चीत बसलेला, समोरच्या पडद्याकडे बघतोय, आणि दोन्ही गुलाबी हात मांडीवर पडलेले. तोंड हलतंय: तोटी बंद केली. हात हलत नाहीत. झाकण फिरवलं. हात हलत नाहीत. त्याने पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. मी किती वेळा लावली कोण जाणे. तो पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याच्या श्वासाने काच धुरकटली. तिथेच मी ती बंद करायला हवी होती, पण मला वाटलं, बघू दे पोटभर, म्हणजे पटेल.

"म्हणजे मी व्हॉल्व्ह बंद केलाच नाही?" त्याने शेवटी विचारलं.

"तसं नाही म्हणता येत, दादा. केलाही असशील. तुला आठवतं एवढ्यावरून ठरत नाही, इतकंच."

"मग कशावरून ठरतं?"

"आता कशावरूनच नाही."

"बारके, एवढं शिकून तू हे सांगतेस?"

"हो. एवढंच सांगता येतं."

तो बराच वेळ हात उलटेसुलटे करून बघत राहिला. मग म्हणाला, त्या म्हाताऱ्याला माझ्या तोंडून अडकवलंय, ते तरी सोडवायला हवं. पुढच्या बैठकीत सांगतो की मला नक्की सांगता येत नाही. मी त्याला जवळ घेतलं. मला त्याचा इतका अभिमान वाटला की पुढचं काही सुचलंच नाही.

बैठकीला मी त्याच्याबरोबर गेले. त्याला पेन धरता येत नव्हतं, म्हणून मदतीला घरचं एक माणूस चालेल असं कारखान्याने कळवलं होतं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मधोमध चौकशी अधिकारी. एका बाजूला मुकादम आणि पैलवानाची बायको. दुसऱ्या बाजूला बॉयलरवाला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला. ती टोपी तो सारखी सरळ करत होता.

दादाने ठरल्याप्रमाणे सुरुवात केली. "साहेब, व्हॉल्व्ह मी बंद केला असं मी म्हणालो होतो. पण मला आता नक्की सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे?" अधिकाऱ्याने चष्मा काढला. "हात तुमचा होता ना?"

"हो."

"मग? मी काय लिहू? केला लिहू की नाही केला लिहू? दोन्हीपैकी एक काहीतरी झालं असणार ना?"

"झालं असणार. मला माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही? एका माणसाचा जीव गेलाय. परवापर्यंत चाक किती गरम होतं ते सांगत होता."

मी बोलायला तोंड उघडलं, तर अधिकाऱ्याने हात वर करून मला थांबवलं. मग पैलवानाची बायको बोलली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

"भाऊजी, मला कोणाला फासावर चढवायचं नाहीये. नक्की काय झालं तेवढं सांगा. मी रोज वेगवेगळं डोळ्यांपुढे आणते. एकच काहीतरी द्या मला."

दादा तिच्याकडे बघत राहिला. त्याचं तोंड किंचित उघडं होतं. मग त्याचा चेहरा निवळला. मी हे पुष्कळदा पाहिलंय, खुर्चीतल्या माणसाला एकदम आठवतं तेव्हा चेहरा असाच निवळतो.

"नाही केला," तो म्हणाला. "आता दिसतंय मला. मी बसलो होतो. हात मांडीवर होते माझे, दोन्ही. समोर बघत होतो आणि तोंडाने म्हटलं, वाफ बंद. नुसतं म्हटलं. हात हललेच नाहीत."

मी उभी राहिले. "साहेब, त्या बोळात बसायला जागा नाही. आणि त्या दिवशी आत पैलवान उतरणार होते, म्हणजे हाक त्यांची होती, दादाची नव्हे. मुकादमांना विचारा. हे त्याला दुसरीकडचं आठवतंय, माझ्या प्रयोगशाळेतलं."

मुकादमाने मान खाली घातली. प्रकरण मिटत होतं, आणि मिटणाऱ्या प्रकरणात कोण हात घालणार?

"बाई, तुम्ही साक्षीदार नाही," अधिकारी म्हणाला. "खाली बसा."

"होती जागा," दादा माझ्याकडे न बघता म्हणाला. "मला आठवतं. तू नव्हतीस तिथे."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. खोलीतला सगळ्यांचा श्वास मोकळा झाल्यासारखा वाटला. बॉयलरवाल्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, मग उठून दादाजवळ आला. हात हातात घेता येत नव्हता म्हणून त्याने दादाचं कोपर धरलं आणि रडायला लागला. पैलवानाच्या बायकोने दादाला नमस्कार केला. तो तिरस्काराने होता की कृतज्ञतेने, मला कळलं नाही. तिला एकच काहीतरी मिळालं होतं, एवढं खरं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. निष्काळजीपणाचा गुन्हा, कोर्ट, वकील. मी वकिलाला सगळं समजावलं. तो म्हणाला, तुमचा भाऊ स्वतः कबूल करतोय, तुम्ही म्हणताय त्याला आठवतं ते खरं नाही, मग खरं काय? मी म्हटलं, माहीत नाही. तो माझ्याकडे दयेने बघायला लागला.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला सकाळी मी दादाकडे गेले. वहिनी स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या. माझ्याशी त्या बोलत नाहीत, माझ्या वाट्याची भांडी मात्र नेहमीपेक्षा जोरात आपटतात. दादा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला होता. चेहरा ताजा होता.

"झोप लागते आता," तो म्हणाला. "आधी कशी, एक डोळा मिटला की चाक दिसायचं. आता सरळ दिसतं सगळं. मी बसलेलो, हात मांडीवर, हे असे." त्याने हात मांडीवर ठेवून दाखवले. "ही गुलाबी कातडीसुद्धा स्पष्ट दिसते."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले होते. उठून निघून जावं असं वाटलं. पण याच माणसाने मला वाढवलं होतं, आणि त्याला तुरुंगात जायचं होतं.

"दादा, ही कातडी तेव्हा नव्हती," मी म्हटलं. "हात भाजले ते वाफ आल्यावर. त्याला ओढून काढताना."

तो हसत होता तो हसायचा थांबला. हात वर उचलून त्याने उजेडात धरले. स्वयंपाकघरातला आवाजही थांबला.

"मग मी बघतोय ते काय आहे?"

"माझी खोली. तुला मी दाखवलेली चित्रफीत."

"आणि त्याच्या आधीचं? ते गरम चाक?"

"ते तुझं असेल. पैलवानाचं असेल."

"असेल," तो म्हणाला. "असेल, असेल. बारके, एक तरी गोष्ट माझी आहे का त्या दिवसातली?"

"तू त्याला बाहेर काढलंस," मी म्हटलं. "ते तुला आठवलं नाही तरी चालेल. हातांवर आहे."

तो रडला. आवाज न करता, हात तसेच हवेत धरून, कारण डोळे पुसायला ते वळत नव्हते. मी माझ्या ओढणीने पुसले. आईच्या वेळीही तो असा रडला नव्हता, निदान मला तसं आठवतं.

"तरी मी कोर्टात तेच सांगणार," तो थोड्या वेळाने म्हणाला. "माहीत नाही म्हटलं की ते पुन्हा म्हाताऱ्याकडे जातील. पाहिलंस ना तू, माहीत नाही कोणाला चालत नाही. तिलासुद्धा नाही चाललं. आणि तू मध्ये बोलू नकोस."

"मी बोलणार, दादा."

"बोल मग. ते खाली बसवतील." त्याने पाय पुढे केले. "आधी नाड्या बांध. उशीर होतोय."

मी वाकून बूट पुढे ओढला. तो खुर्चीत ताठ बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि लहानपणीसारखा म्हणायला लागला. एक फास. दुसरा फास. आतून काढ. ओढ. कारखान्याचा आवाज होता, आत स्वयंपाकघरात वहिनींना ऐकू गेला असणार. माझे डोळे भरून आलेले, नाडी बोटांतून निसटत होती, मी मागे पडत होते.

"नाडी बांधली," दादाने हाक दिली आणि उठायला लागला.

दुसरा फास अजून माझ्या हातातच होता.